स्थावररावांच्या हातावरचे घड्याळ

साहेब न्हाणीघरात घसरले, त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला आणि शिक्षा झाली ती स्थावररावांना.

स्थावरराव हे काही आईवडिलांनी ठेवलेले नाव नव्हे. पाणीमीटर विभागात खिडकीजवळच्या खुर्चीत ते एकदा बसले ते बसलेच, म्हणून कचेरीने बहाल केलेली ती पदवी होती. नव्या मीटरचे अर्ज त्यांच्या टेबलावर येत. अर्जांवर ‘पाहिले’ असा शिक्का बसला की ते पुढे जात. स्थावरराव शिक्का मारत नसत असे नाही. पण सरकारी शाई झाली म्हणून ती उधळायची का, असा त्यांचा रास्त सवाल असे.

या सुखाला सध्या एकच घोर लागला होता. फिरतीवर पाठवायच्या लोकांची यादी निघणार होती. फिरती म्हणजे घरोघर जाऊन मीटर वाचणे, आणि घरे म्हटली की जिने आले. यादी साहेब करणार होते. तिच्यात आपले नाव असणार या धास्तीने स्थावररावांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अशात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले आणि टेबलावर आपले घड्याळ ठेवले.

“ऑटोमॅटिक आहे. सेल नाही. हात हलला की आतली स्प्रिंग भरते,” साहेब म्हणाले. “उजव्या हातात मला घड्याळ सहन होत नाही. प्लास्टर निघेपर्यंत तुम्ही घाला. बंद पडता कामा नये. तारीख, वार, हा इथला चंद्र, सगळं बिघडतं.”

“किल्ली दिली तर, साहेब?”

“किल्लीला हात लावायचा नाही! मागे मेव्हण्याने लावला होता. भर पौर्णिमेला अमावास्या दाखवत होतं.”

“पण साहेब, मीच का?”

“तुमच्याकडे आलेली वस्तू पुढे कुठे जात नाही, हा माझा अनुभव आहे,” साहेब म्हणाले. “आणि हो, ती यादी मी अजून केलेली नाही.”

घड्याळाच्या तबकडीवर एक बारीक काटा होता. टाकीतले पेट्रोल दाखवावे तसा तो स्प्रिंगमध्ये किती जीव उरला आहे ते दाखवी. साहेबांनी दिले तेव्हा काटा वर होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तळाला टेकायला आला. स्थावररावांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

“सर, घड्याळ दिवसभर हातावर असतं का?” पलीकडच्या मुलीने विचारले.

“झोपेतसुद्धा.”

“आपली हालचाल कशी आहे सर? जास्त, मध्यम की कमी?”

“कमीच्या खाली काही आहे का?”

“सर, मग घड्याळात काही दोष नाही,” मुलगी फार हळुवारपणे म्हणाली. नातेवाइकांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात तो तिचा सूर होता.

बायकोने घड्याळ पंख्याला बांधून पाहिले. ते तासभर गरगरले, काटा मात्र ढिम्म.

“नुसतं फिरून भागत नाही वाटतं. झटके लागत असतील,” ती म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. “अहो, मग गाद्या झटका!”

स्थावररावांनी गाद्या झटकल्या. सतरंज्या झटकल्या. जाळी काढली. लग्नापासून ती जे जे सांगत आली होती ते सगळे तिने त्या एका संध्याकाळी करून घेतले. काटा वर चढला खरा. पण कचेरीत खुर्चीत टेकल्यावर तो पुन्हा उतरू लागला. स्थावरराव हताश झाले. त्यांनी घड्याळ उजव्या हातात चढवले आणि नशिबाचा राग काढावा तसा समोरच्या अर्जावर शिक्का आपटला.

काटा थरथरला.

त्यांनी दुसरा अर्ज ओढला, मग तिसरा. दुपारपर्यंत टेबल रिकामे झाले. मग ते शेजारच्या टेबलाकडे वळले.

“बाई, तुमचे अर्ज द्या.”

“का हो?”

“शिक्का मारतो.”

बाईंनी आपला पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. “घरी सगळं ठीक आहे ना?”

बाईंचे संपल्यावर त्यांनी कपाटे उघडली. खांदा ठणकायला लागला, बोटे निळी झाली, पण काटा वर राहिला. अर्ज भराभर पुढे गेले, घरोघर मीटर बसू लागले आणि लोक आभार मानायला येऊ लागले. एक गृहस्थ तर हात जोडून रडले. त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांचे केस काळे होते. स्थावररावांना हे सगळे फार अवघड गेले. आपण लोकांना किती ताटकळत ठेवले होते हे त्यांना प्रथमच कळले, आणि ते कळून बरे मुळीच वाटले नाही.

आणि एके दिवशी अर्ज संपले. विभागात शिक्का मारायला कागद उरला नाही. काटा खाली येऊ लागला तसे स्थावररावांना खरोखर रडू आले. त्यांनी वर्तमानपत्रावर ‘पाहिले’ मारले, कॅलेंडरच्या मागे मारले, जेवणाच्या डब्याच्या पिशवीवर मारले. घड्याळ जगले.

प्लास्टर निघाले आणि साहेब आले. घड्याळ चालू होते. चंद्र जागच्या जागी होता.

“शाब्बास!” साहेब म्हणाले. “यादीत तुमचं नाव होतं. मी काढलं.”

स्थावररावांचा जीव भांड्यात पडला.

“पण वरच्या साहेबांनी परत घातलं. म्हणाले, सगळी कपाटं रिकामी करणारा असा धडाडीचा माणूस खुर्चीत कुजवायचा नाही. नुसतं घातलं नाही, पहिलं घातलं.”

स्थावररावांनी मनगटावरचे घड्याळ सोडायला घेतले.

“राहू द्या, राहू द्या,” साहेब म्हणाले. “हात अजून आखडलेलाच आहे माझा. आता तुम्ही फिरतीवर, बंद पडायची चिंताच मिटली.”

सोमवारी स्थावरराव एका लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे होते. श्वास पुरत नव्हता. समोरचे दार उघडले आणि कचेरीत रडलेले ते गृहस्थ बाहेर आले.

“अहो, तुम्ही! या, या, मीटर बघा!” ते हर्षाने म्हणाले. “तुमच्या कृपेने बसला हो. आमचा एकट्याचा नाही, वर पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे बसले!”

स्थावररावांनी वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिले. मग घड्याळाकडे पाहिले. काटा पार वरच्या टोकाला टेकला होता.