आवाज तेवढा बाकी

चहापत्तीच्या पुड्याबरोबर फुकट आलेला चमचा दुकानदाराला परत नेऊन देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शांतवनकाका. "म्या पत्ती मागितली हुती. याला कुणी बोलावलं?" दुकानदार म्हणाला, फुकट आहे, राहू द्या. त्यावर काका आणखी भडकले. फुकट येतो तो ठाण मांडून बसतो, मग त्याला उठवायला कुणी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चमचा काउंटरवर ठेवून ते घरी आले आणि तासभर मला त्या चमच्याबद्दल ऐकवत बसले.

शांतवन हे नाव ज्याने ठेवलं त्याला माणसाची पारख नव्हती. सगळी नोकरी साखर कारखान्यात वायरमन म्हणून केलेली. निवृत्तीनंतर श्रीरामपुरात आमच्या गल्लीत, चर्चच्या मागच्या बाजूला, एकटेच राहायचे. एसटीच्या पाटीवरच्या शुद्धलेखनापासून पाळकसाहेबांच्या प्रवचनाच्या लांबीपर्यंत कशाचाही त्यांना संताप यायचा. एकदा बोलू लागले की समोरच्याला मध्ये फट ठेवायची नाही. मी शाळेत शिकवते, दिवसभर साठ पोरांना गप्प करते. पण काकांपुढे माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करते.

आमच्या चर्चच्या मंडळीचे पेटीवादक नोकरीसाठी पुण्याला गेले, तेव्हा कमिटीने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. गीतांचे शब्द भिंतीवर दाखवायचे आणि चाली स्पीकरवर लावायच्या. मी कमिटीची सेक्रेटरी, म्हणून खरेदी माझ्याकडे आली. काका म्हणाले, तयार डबा आणायचा नाही, सुटे भाग आणा, मी जोडतो. आणि खरंच, चर्चच्या ऑफिसात त्यांनी एका दुपारी तो जोडला. एकही वायर लोंबकळत नव्हती. मी मनातल्या मनात त्यांना शंभर अपराध माफ केले.

ते घाईचं झालं.

जोडलेल्या कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला, बाबा रे तू काम कसं करायचं, हे सांगणारं एक छोटं सॉफ्टवेअर घालावं लागतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ज्या भागाला तो मिळालेला नाही, त्याच्या नावापुढे पडद्यावर पिवळं चिन्ह येतं. आमच्या कॉम्प्युटरवर अशी पाच-सहा चिन्हं होती. भाग बनवणाऱ्या कंपनीने खोक्यात ड्रायव्हरांची सीडी दिली होती, पण कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या डब्याला, सीडी घालायला जागाच नव्हती. काकांनी ती सीडी माझ्या नाकासमोर धरली. "म्हंजी हिचा उपयोग काय बाई? शेतात पाखरं हाकायला लावू?" मग ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावेत, तर इंटरनेट चालायलाही ड्रायव्हर हवा. कंपनीला उद्देशून ते जे बोलले, ते चर्चच्या आवारात बोलायचं नव्हतं. शेवटी माझ्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर उतरवून मी तो आणून दिला.

पुढे कंपनीच्या साईटवरची लांबलचक यादी उघडली आणि माझ्या दुपारी संपल्या. काका एकेका नावावर बोट ठेवायचे. हा कोण? याचं काम काय? याला कुणी बोलावलं? कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लावणारा एक होता, त्याला त्यांनी तमाशाच्या फडात पाठवलं. गेम जोरात पळवणारा हाकलला. महिनाभर फुकट आणि नंतर पैसे मागणारा, व्हायरस अडवणारा एक रखवालदार होता, त्याच्यावर तर चमच्याच्या वरताण भाषण झालं. ज्याला परवानगी मिळे, तोही एका दिवशी एकच. तो घालायचा, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, स्वतः तपासायचा, वहीत तारीख टाकून सही करायची. एकदम सगळे टाकले अन् बिघडलं, तर गुन्हेगार कोण ते कसं कळणार, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. म्हणूनच जास्त चीड यायची.

तिसऱ्या आठवड्यात एकच पिवळं चिन्ह उरलं. आवाजाचं. आणि तिथे काका अडले. आधी म्हणाले, शब्द दिसतायत ना, मग आवाज कशाला, तोंडं न्हाईत का? मग म्हणाले, कंपनीचा भरवसा नाही. मग वहीच मिटून ठेवली. रविवारी आम्ही पेटीविना, चालीविना, ज्याला जसं जमेल तसं गायलो. कमिटीत आवाज चढले. पाळकसाहेब सहसा रागावत नाहीत, पण तेही म्हणाले की आता नगरहून माणूस बोलवू. हे काकांना सांगायचं काम माझ्याकडे. मी शाळा सुटल्यावर तावातावाने निघाले. आज माझं वाक्य पुरं करायचंच, असं ठरवून.

ऑफिसाचं दार उघडं होतं. आतून गाणं ऐकू येत होतं, नव्हे, गाण्याचं भरीत. कर्णकर्कश खरखर आणि मध्येच तुटणारे सूर. काका पाठमोरे बसले होते, डावा तळवा स्पीकरवर टेकवून, डोळे मिटून. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्यांनी मान वळवली नाही. मी पुढे जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा माझी सावली त्यांच्यावर पडली आणि ते दचकले. घाईघाईने गाणं बंद केलं. मी ओरडा ऐकायच्या तयारीत होते.

"बाई," ते म्हणाले, "खरं सांगा. वाजत हुतं का?"

"वाजत होतं काका. पण फाटत होतं."

"मला न्हाई कळलं."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात उसाच्या चरकांशेजारी जन्म गेला. एक कान नोकरीतच गेला, दुसऱ्यात आता नुसती घरघर उरली होती. समोरच्याचे ओठ दिसले तर निभायचं. "सवता तपासल्याबिगर कंचीबी वस्तू चालू केली न्हाई आजवर. हे कसं तपासू? अन् दुसऱ्याला विचारायचं म्हंजी सांगावं लागतं."

मी खुर्चीत बसले. माझं एकही वाक्य त्यांनी तोडलं नव्हतं. ते सुरूच झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं. जो सतत रागावून बोलतो, त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

पेन ड्राइव्हवर त्यांनी आवाजाचे तीन ड्रायव्हर उतरवून ठेवले होते. पहिला तर फाटत होता. दुसरा घातला, मी ऐकत होते, ते माझा चेहरा बघत होते. मी मान हलवण्याआधीच त्यांनी तो काढला. तिसऱ्याला पेटी स्वच्छ वाजली. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. काकांनी चष्मा पुसला आणि पहिले दोन बनवणाऱ्या कंपनीला पाच मिनिटं झोडपलं. मी पाळकसाहेबांना एवढंच सांगितलं की काकांनी योग्य ड्रायव्हर शोधला, नगरच्या माणसाची गरज नाही.

रविवारी मी मुद्दाम काकांच्या बाकावर, त्यांच्याकडे तोंड करून तिरकी बसले. स्पीकरवर पेटी सुरू झाली, सगळे उठले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि ते गाऊ लागले. खड्या आवाजात, पेटीच्या अर्धी ओळ पुढे. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

मी पेटीची साथ सोडली आणि काकांबरोबर गाऊ लागले.