चारशे घोड्यांची वरात

मृत्युंजय फक्त एवढंच म्हणाला होता, की "सोमूच्या लग्नाला बाळासोची गाडी नेऊया का?" सकाळी चहा पिताना माणूस काहीबाही बोलतो, तसा तो बोलून गेला. पण समोर सौंदर्या बसली होती. ती त्याची बायको, नवरदेव सोमशेखरची सख्खी बहीण, आणि तिच्या हातात मोबाइल होता. चहा निवायच्या आत गडमुडशिंगीला तिच्या माहेरी कळलं, की नवरदेव अमेरिकन मोटारीतून निघणार. जेवणवेळेला ते बिद्रीला नवरीच्या घरी कळलं. संध्याकाळी मृत्युंजयला "नको, दुसऱ्याची वस्तू आहे" असं म्हणावंसं वाटलं, पण तोवर बँडवाल्यांनी गाडीपुढं कोण नाचणार हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

बाळासो म्हणजे त्याचा चुलतभाऊ. इचलकरंजीत त्याचे माग होते आणि डोक्यात मोटारी होत्या. सतरा खटपटी करून त्यानं ती गाडी परदेशातून आणली, आणि आठवडा झाला नाही तोच मशिनरीचं प्रदर्शन बघायला सिंगापूरला गेला. जाताना एक किल्ली सोबत नेली आणि दुसरी मृत्युंजयच्या हातात दिली. म्हणाला, "दारात लाव. रोज पाच मिनिटं नुसती चालू करत जा. फिरवू नको." (असं सांगून गाडी ज्याच्या दारात ठेवतात, तो ती फिरवतोच. हे बाळासोला कळायला हवं होतं.)

मृत्युंजयला मिरवायची हौस नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती. सासरे नागाप्पा यांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून "शाब्बास जावई" म्हणावं. लग्न होऊन बारा वर्षं झाली, नागाप्पा त्याची ओळख करून द्यायचे ती अशी: "हे आमचं जावई. बँकेत असत्यात." एवढं बोलून ते लगेच उसावर वळायचे. घरच्या प्रत्येक कार्यात जावयाकडं एकच काम यायचं, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं. त्यामुळं लग्नादिवशी सकाळी तो गाडी घेऊन सासुरवाडीच्या दारात थांबला, तेव्हा त्याची छाती शर्टात मावत नव्हती.

गाडी होतीच तशी. लांबलचक नाक, गोल दिवे, चकाकणारी पट्टी, अंगावर दोन पांढरे पट्टे. रूप पन्नास वर्षांपूर्वीचं आणि आतली करामत कालची. मागं कॅमेरा, पुढं पडदा, आणि पोटात चारशे घोड्यांचं इंजिन. ते नुसतं गुरगुरलं तरी शेजारच्या म्हशी दावं ओढायला लागल्या. सारी गल्ली गोळा झाली.

नागाप्पांनी एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, पत्र्यावर टिचकी मारली.

"गंज झ्याक काढलाय की. किती सालची म्हणायची?"

"मामा, नवी आहे. यंदाचीच."

"जावई, आमी चाळीस वर्सं जीप चालवलीया. आमास्नी नगा शिकवू. असलं दिवं आमच्या बापाच्या काळात हुतं."

"कंपनीनंच मुद्दाम जुन्यासारखी केली आहे, मामा."

"नवीन गाडी मुद्दाम जुनी करतंय कोन?" नागाप्पा गल्लीकडं वळून म्हणाले. "बाळासोला गंडवलंय कुनीतरी. असू द्या. रंग तर बरा हाय."

गल्लीनं माना डोलावल्या. मृत्युंजयची छाती शर्टात मावायला लागली.

मग सासूबाई रत्नव्वा ताट घेऊन आल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, आतल्या आरशाला पडद्यावर लोंबणारा झेंडूचा भलाथोरला हार अडकवला. "किल्ली द्या," म्हणाल्या. मृत्युंजयनं खिशातली काळी, गुळगुळीत डबी काढून ताटात ठेवली. हीच किल्ली; ती नुसती जवळ असली की बटणावर गाडी सुरू व्हायची. रत्नव्वांनी तिलाही कुंकू लावलं आणि ताट खिडकीतून आत घालून जावयाला ओवाळलं. ताट आत असतानाच मृत्युंजयनं बटण दाबलं. गाडी गरजली, लिंबं फुटली, पोरं ओरडली, आणि ताट घेऊन रत्नव्वा घरात गेल्या.

किल्लीसकट.

आता यात रत्नव्वांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या घरची रीतच होती, की नवी गाडी पहिल्यांदा लांब निघाली की तिची एक किल्ली देवापुढं ठेवायची आणि गाडी सुखरूप परत आल्यावर उचलायची. एक किल्ली ताटात असताना गाडी सुरू झाली, म्हणजे दुसरी जावयाजवळ असणारच. त्यांनी किल्ली देव्हाऱ्यात ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि बायकांच्या टेंपोत बसून पुढं गेल्या.

गाव सुटतंय तोवर गाडीत पीं पीं सुरू झालं.

"पट्टा लावा म्हनतंय ते," नागाप्पा म्हणाले. त्यांनी पट्टा लावला. मागच्या सीटवर फेटा छताला टेकवून बसलेल्या सोमूनंही हारावरून पट्टा ओढला. योगायोगानं पीं पीं थांबलं. नागाप्पांनी विजयी मुद्रेनं जावयाकडं बघितलं.

कळंब्याच्या पुढं वळणावर झेंडूचा हार बाजूला झाला आणि मृत्युंजयला पडद्यावरची अक्षरं दिसली. किल्ली गाडीत नाही, असं गाडी इंग्रजीत सांगत होती. त्यानं खिसा चाचपला. दुसरा चाचपला. किल्ली सासूबाईंच्या ताटात गेली होती. परत फिरलं तर अक्षतांचा मुहूर्त टळणार. पण गाडी चालू होती, आणि बंद केली नाही तर चालूच राहणार होती. त्यानं ठरवलं, बंद करायची नाही. कुणाला सांगायचंही नाही. मांडवात सोमूला उतरवायचं आणि मग काय व्हायचं ते होवो.

त्यानं असा काही पाय दाबला, की चारशेच्या चारशे घोडे उधळले. इस्पुर्ली कधी आली आणि कधी गेली कळलं नाही. सोमू मागून ओरडत होता, पण आनंदानं. नागाप्पांनी एका हातानं टोपी धरली, दुसऱ्या हातानं दाराची कडी धरली, आणि हळूच म्हणाले, "जुनी असली तरी पळतीया हं."

मृत्युंजयच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शाब्बास आता एका मैलावर होती.

आणि बिद्रीच्या अलीकडं कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. गाडी थांबली. इंजिन गुरगुरत राहिलं. नागाप्पा अस्वस्थ झाले. ज्यानं आयुष्यभर उतार लागला की जीप बंद करून तेल वाचवलं, त्याला हा आवाज ऐकवेना.

"बंद करा की. फुकट तेल जळतंय."

"राहू दे, मामा."

"चारशे घोडं उभ्या उभ्या चारा खात्यात आन् तुमी बघत बसलाय व्हय?" असं म्हणत नागाप्पांनी हात लांब केला आणि मृत्युंजयनं तो धरायच्या आत बटण दाबलं.

एकदम सामसूम. कुणाच्या तरी उसाच्या ट्रॉलीवरचं गाणं ऐकू यायला लागलं.

"मामा," मृत्युंजय म्हणाला, "किल्ली तुमच्या घरी राहिली."

"मग किल्लीबगार हितवर आलो कसं?"

हे समजावून सांगण्यात पाच-सहा ट्रॅक्टर पुढं सरकले. शेवटी सोमूनं आईला फोन लावला.

"देवापुढं हाय," रत्नव्वा पलीकडून शांतपणे म्हणाल्या. "गाडी सुखरूप आली की घ्यायची."

"अव्वा, ती एकच किल्ली हाय."

"मग गाडी सुरू कशी झाली?"

सोमूनं फोन बंद केला.

सोमूला कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसवावं, असं मृत्युंजयनं सुचवलं. नागाप्पांचा चेहरा लाल झाला. "साऱ्या बिद्रीला सांगून ठिवलंय, मोटारीतनं येतोय म्हनून. पोरगं फटफटीवनं गेलं तर तोंड कुठं दाखवू?"

तेवढ्यात कारखान्यावर ऊस टाकून रिकामी बैलगाडी घेऊन परतणारा आकाराम नावाचा बिद्रीचा गाडीवान थांबला. त्यानं पाहुण्यांची अडचण ऐकली, गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "जुन्या गाड्यांचं असंच असतंय, पावणं." मग त्यानं आपली गाडी कडेला सोडली, बैलांच्या जुवाला जाड दोराचा नाडा बांधला आणि त्याचं दुसरं टोक त्या लांबलचक नाकाखालच्या हुकात अडकवलं.

चारशे घोडे गप्प बसले आणि दोन बैल चालायला लागले.

खिडक्या बटणावर चालणाऱ्या, त्यामुळं त्या उघडेनात. सोमू आत उकडून घामाघूम झाला, म्हणून नागाप्पांनी त्याला बाहेर काढून बॉनेटवर बसवलं. (त्या पत्र्याला बाळासो रोज रात्री मऊ फडक्यानं पुसायचा.) स्वतः कासरा धरून बैलांपुढं झाले. आत उरला मृत्युंजय एकटा. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग जात्यासारखं जड झालेलं, ब्रेकवर दोन्ही पाय रोवलेले, आणि समोर सोमूची पाठ. त्याला रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्याला तो दिसत नव्हता.

मंगल कार्यालयाच्या दारात बँडनं ही मिरवणूक बघितली आणि क्षणभर वाजवायचं विसरला. मग असा वाजला, की बैलही ताठ चालायला लागले. नवरीचे वडील धावत आले आणि नागाप्पांना कडकडून भेटले.

"काय डोस्कं चालवलासा. परदेशी गाडीला देशी बैल. असली वरात आमच्या भागात झाली न्हाय."

नागाप्पांनी मागं वळून एकदा गाडीकडं बघितलं आणि मिशीवर हात फिरवला. "आमीच सुचीवलं," ते म्हणाले. अक्षता वेळेत पडल्या. आकारामाला फेटा बांधला, नारळ दिला, बैलांना पुरणपोळी चारली. नागाप्पांनी भर मांडवात पाठीवर थाप मारून "शाब्बास रं" म्हटलं, ते डाव्या बैलाला. मृत्युंजय तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी होता.

पुढच्या वर्षी धाकटी मेहुणी सुष्मिता हिचं लग्न ठरलं. एका सकाळी खुद्द नागाप्पांचा फोन आला. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाला काम सांगायला स्वतः फोन केला होता. मृत्युंजय उभा राहून बोलायला लागला.

"जावई, लग्नात तुमच्याबगार चालायचं न्हाय बगा."

"बोला मामा. बाळासोची गाडी आणू का? यावेळी किल्ली मी गळ्यात बांधतो."

"गाडी नगो, जुनी हाय ती," नागाप्पा म्हणाले. "तुमी तेवढं बिद्रीला जाऊन आकारामाचं बैल ठरवून या."