क्लोव्हिसच्या खिशातला चाकू

"माझ्याच्याने नाही रे होत, ओक्ताव. तूच ठेव त्याच्या खिशात," असं म्हणून नोएमीने गाठ मारलेला निळा रुमाल ओक्तावच्या हातात दिला आणि डोळे पुसत ती स्वयंपाकघरात निघून गेली.

रुमालात काय आहे हे विचारायची गरजच नव्हती. फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावरचा माणूस खिशात चाकू असल्याशिवाय शेजारीसुद्धा जात नाही, तो देवाघरी रिकाम्या खिशाने कसा जाईल? क्लोव्हिस आपला लग्नातला कोट घालून पेटीत शांत पडला होता. त्याला आता फक्त चाकू हवा होता आणि तो देण्याचा मान त्याच्या जन्माच्या मित्राला मिळाला होता.

मान मिळाला खरा, पण ओक्तावने रुमाल पेटीपासून दूर धरला. हा चाकू मातीत जाणार? हा? मूठ क्लोव्हिसच्या लाडक्या मार्कीझ गाईच्या शिंगाच्या टोकाची, बुडाशी मधासारखी पिवळी आणि टोकाकडे काळी होत गेलेली. पातं म्हाताऱ्या आल्बॅनने स्वतः ठोकलेलं. चाकूच्या पाठीवर सगळे कारागीर मधमाशी कोरतात. आल्बॅनने मात्र कानशीने घासून घासून जेन्शन या रानझाडाचं पान काढलं होतं, बारीक शिरांसकट. तसा चाकू त्याने एकच केला आणि मग आल्बॅनही वारला. ओक्तावच्या घरी दोन कपाटं भरून चाकू होते: शिंगाचे, हाडाचे, ऑलिव्हच्या लाकडाचे. पण क्लोव्हिसने आपला चाकू मिटून खिशात टाकला की ती दोन्ही कपाटं ओक्तावला भंगाराची वाटू लागत. आणि असं तो गेली कित्येक वर्षं दर आठवड्याला सोसत होता.

"क्लोव्हिस," तो पेटीवर वाकून कुजबुजला, "तिथे ओल असते रे. शिंग फुगेल. पातं गंजेल. आल्बॅन वर भेटला तर त्याला काय तोंड दाखवशील?"

क्लोव्हिसने हरकत घेतली नाही. ओक्तावने इकडेतिकडे पाहिलं. शेवटी मयताच्या खिशात चाकू असल्याशी कारण. कोणता, हे काही पाद्रीबाबा विचारणार नव्हते. त्याने स्वतःचा रोजचा चाकू काढला. हातात गरम झाला की मिरीसारखा वास येणाऱ्या जुनिपरच्या लाकडी मुठीचा, चांगला, इमानी चाकू. म्हणजे फसवणूक नाही, अदलाबदल. एवढ्यात दाराबाहेर बार्नाबे सुताराचे बूट वाजले. ओक्तावने घाईघाईने आपला चाकू क्लोव्हिसच्या कोटाच्या खिशात कोंबला, रुमाल आपल्या खिशात लोटला आणि छातीवर क्रॉस काढला. बार्नाबेने झाकण बसवलं. दफन झालं. ओक्ताव रडलाही, आणि ते रडणं अगदी खरं होतं.

घोटाळा झाला तो जेवणाला बसल्यावर.

नोएमीच्या लांब टेबलावर ताटल्या होत्या, काटे होते, पेले होते. सुऱ्या नव्हत्या. त्या कुणाच्याच घरी मांडत नाहीत. ज्याचा त्याचा चाकू ज्याच्या त्याच्या खिशात असतो. फक्त क्लोव्हिसचा पुतण्या रेमी, जो क्लेर्मों शहरात न्हाणीघराच्या नळांचा धंदा करायचा, तो मोठ्याने म्हणाला, "काकू, मला सुरी नाही आली!" नोएमीने मुकाट्याने खणातली गोल टोकाची सुरी आणून त्याच्यापुढे ठेवली. माणसाच्या पँटचं बटण उघडं राहिलं की चारचौघं जशी नजर फिरवतात, तशी सगळ्यांनी नजर फिरवली.

सूप संपलं. मग आली वाळवलेली सॉसेजं, मनगटाएवढी जाड. टेबलाभोवती चाकू उघडले. ओक्तावचा हात सवयीने खिशात गेला, रुमालाच्या गाठीला लागला आणि चटका बसल्यासारखा बाहेर आला.

आपला चाकू जमिनीखाली आहे आणि खिशात आहे तो काढायची सोय नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. चाकू जमवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने ही चूक करावी! पण दुसऱ्या कुणी ती केलीच नसती. त्याने सॉसेज उचललं आणि सरळ दातांनी तोडायला सुरुवात केली.

"ओक्ताव!" शेजारी बसलेली त्याची बायको जुस्तीन दबक्या आवाजात म्हणाली. "कुत्रा आहेस का? चाकू कुठाय तुझा?"

"विसरलो."

"काय विसरलास?"

"चाकू. घरी राहिला."

टेबलावरचे चाकू जागच्या जागी थांबले. पाद्रीबाबांचा घास अर्ध्यावर राहिला. ओक्ताव चाकू विसरला? झोपताना तो उशीखाली ठेवतो, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. जुस्तीनने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," ती म्हणाली. "आणि थापा नको मारूस. सकाळी टाय बांधताना तू त्यानेच दोरा कापलास. मी पाहिलंय."

"थांबा, थांबा," बार्नाबे सुतार पलीकडून म्हणाला. तो भला माणूस होता आणि भल्या माणसांमुळेच जास्त घोटाळे होतात. "झाकण लावताना क्लोव्हिसच्या खिशातून मला जुनिपरची मूठ दिसली. मी मनात म्हटलं, क्लोव्हिसचा तर शिंगाचा. मग जुनिपर कुठून आलं? ओक्ताव, तो तुझा चाकू होता रे!"

सगळ्यांच्या नजरा ओक्तावकडे वळल्या. सॉसेजचा तुकडा त्याच्या घशात अडकला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं; नशिबाने ते पाणी लोकांना वेगळं वाटलं.

"दोन्ही," तो कसाबसा म्हणाला.

"काय दोन्ही?"

"दोन्ही ठेवले. त्याचा... आणि माझा. एकटा जाऊ नये म्हणून."

मग पाद्रीबाबा नाक शिंकरू लागले. बार्नाबेने आपला चाकू खाली ठेवून तोंडावर दोन्ही हात धरले. "अरे देवा," तो म्हणाला, "मी चाळीस पेट्या केल्या असतील, पण असा मित्र नाही पाहिला." नोएमी उठून आली आणि तिने ओक्तावच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. स्वतःचा चाकू! मेलेल्या मित्राबरोबर! असं पठारावर कधी कुणी केलेलं ऐकिवात नव्हतं.

ओक्ताव तिथे थांबला असता तर निभावलं असतं. पण एवढ्या कौतुकात माणसाची जीभ सुटते. त्याने काटा वर धरला आणि सांगून टाकलं, "आणि ऐका. यापुढे मी चाकू बाळगणार नाही. क्लोव्हिस नाही, तर चाकू कशाला?"

"आमेन," पाद्रीबाबा म्हणाले.

जुस्तीनने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं तिने लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. "खरंच?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोललास हं. मग ती दोन कपाटं कशाला अडवून ठेवायची? पाद्रीबाबा, चर्चच्या सोडतीला बक्षिसं हवी होती ना तुम्हाला?"

"जुस्तीन!" ओक्तावच्या हातातला काटा खाली आला. "बाळगणं वेगळं आणि कपाटात असणं वेगळं. मी खिशातलं म्हणालो."

"दारू पेल्यात नको म्हणणाऱ्याने पिंपात ठेवावी का?" पाद्रीबाबा मायेने म्हणाले. "बायकोला मोकळ्या हाताने देऊ दे, ओक्ताव. मन हलकं होईल."

"उद्याच गाडी पाठवा," जुस्तीन म्हणाली. "सकाळी. त्याचं मन बदलायच्या आत."

एका खोट्याने दोन कपाटं गेली. तरी ओक्ताव मनाची समजूत घालत होता. जाऊ दे. सगळी जाऊ दे. क्लोव्हिसचा तर खिशात आहे. गोठ्यात लपवू, माळ्यावर लपवू, रविवारी सगळे प्रार्थनेला गेले की काढून बघू. टेबलाखाली त्याने रुमालावर हलकेच हात ठेवला आणि त्याला थोडा धीर आला.

चीज आलं. नोएमी मात्र बसली नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या तळहातावर क्लोव्हिसचा चाकू होता.

मधासारखी पिवळी मूठ. काळं टोक. पाठीवर जेन्शनचं पान, शिरांसकट.

ओक्ताव खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. चाकू तिकडे होता. चाकू इकडे, खिशातही होता. त्याचं तोंड उघडलं आणि मिटायचं विसरलं.

"बघा, बघा त्याचं तोंड," नोएमी रडता रडता हसली. "क्लोव्हिस म्हणालाच होता. परवा म्हणाला, 'नोएमी, चांगलं लोखंड मातीत घालायचं नसतं. माझ्याबरोबर तो जत्रेतला प्लॅस्टिकचा दे, मला वर काय कापायचंय? आल्बॅनचा ओक्तावला दे. किती वर्षं जीव टाकतोय त्याच्यावर. पण चीजच्या वेळी दे, सगळ्यांसमोर. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. मला नाही दिसणार, तू बघ.' म्हणून तर रुमालाला गाठ मारून दिली तुझ्याकडे. उघडून बघितलं असतंस तर मजाच गेली असती."

ओक्तावचे डोळे आता खरोखर भरून आले. क्लोव्हिसने तो त्याला दिला होता. त्याचाच होता. ओक्ताव पेटीवर वाकून कुजबुजत होता तेव्हासुद्धा तो त्याचाच होता. आणि आपण काय केलं? आपला इमानी चाकू जमिनीत घातला आणि खिशात बाळगतोय जत्रेतलं प्लॅस्टिक. त्याने हात पुढे केला.

नोएमीने तो हात हातात घेतला, प्रेमाने दाबला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"पण नाही रे देणार मी तुला," ती म्हणाली. "आत्ता तू जे बोललास ना, त्यानंतर नाही. एवढी शपथ घेतलीस त्याच्यासाठी. ती मी मोडायला लावली, तर क्लोव्हिस मला माफ करेल का?"

"शपथ... म्हणजे तशी शपथ नाही..." ओक्ताव म्हणाला. "नोएमी, ऐक, एकच... आठवण म्हणून..."

"मोह होणारच," पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर."

"मोठा आलाय आठवणवाला," जुस्तीन म्हणाली. "पाच मिनिटं नाही झाली!"

ओक्तावने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगून टाकावं? मयताच्या खिशातून चोरायला निघालो होतो, असं? बार्नाबे अजून डोळे पुसत होता. ओक्तावने मान खाली घातली.

"आमच्या माणसांत निदान एकाच्या खिशात तरी चाकू असू दे," असं म्हणून नोएमीने तो रेमीपुढे ठेवला. "घे बाळा. काकांची आठवण."

"अरे वा! थँक्यू काकू," रेमी म्हणाला. त्याने चाकू उलटसुलट पाहिला. "याला बूच काढायचा स्क्रू नाही वाटतं? असो." मग त्याने एक पाय गुडघ्यावर घेतला. दफनभूमीतला एक खडा त्याच्या बुटाच्या तळव्यात रुतून बसला होता आणि सकाळपासून टोचत होता. त्याने पातं उघडलं आणि टोकाने तो खडा उकरायला घेतला.

"अरे!" ओक्ताव एवढ्या जोरात ओरडला की पेले वाजले.

"काय झालं काका?"

सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं. ओक्तावने चीजची ताटली पुढे ओढली.

"चीज," तो म्हणाला. "मला चीज कापायचंय. माझ्याकडे चाकू नाही ना. जरा दे."

"हो हो, घ्या की." रेमीने चाकू टेबलावरून सरकवला.

ओक्तावने तो उचलला. आधी पातं पुसलं, मग टोक उजेडात धरून पाहिलं; वाचलं होतं. मूठ त्याच्या तळव्यात अशी बसली, जणू मार्कीझ गाईला ते शिंग त्याच्यासाठीच फुटलं होतं. त्याने चीजचा कागदासारखा पातळ काप काढला आणि सावकाश खाल्ला. रेमीने हात पुढे केला. ओक्तावने दुसरा काप काढला. मग तिसरा. रेमीने हात मागे घेतला, कॉफी प्यायली, घड्याळ पाहिलं, पुन्हा हात पुढे केला. ओक्ताव कापतच होता.

"दुःखात भूक लागते काही जणांना," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

"याला चीज पचत नाही," जुस्तीन संशयाने म्हणाली.

लोक उठले, टोप्या शोधू लागले. ताटलीत नुसती साल राहिली. ओक्तावने सालीचेही काप केले आणि चावून चावून खाल्ले. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण मूठ सुटली नव्हती.

"काका," रेमी उभा राहत म्हणाला, "झालं ना? मला निघायला हवं. तेवढा चाकू..."

ओक्तावने नोएमीकडे पाहिलं. "आणखी आहे का गं?"

"तळघरात चीजचं अर्धं चाक आहे," नोएमी म्हणाली. "पण ते केवढं तरी आहे, ओक्ताव."

"आण," ओक्ताव म्हणाला आणि त्याने डाव्या हाताने कमरेचा पट्टा सैल केला.