सावंतकाका आणि आऊट काडतुसं

माझ्या साखरपुड्याची अंगठी पूर्ण गोल नाही, हे मला हॉलमध्येच कळलं. शेजारच्या सावंतकाकांनी खिशातून व्हर्नियर काढून ती मोजली आणि सासूबाईंसमोर निकाल दिला, "आऊट आहे."

काका भांडुपच्या कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त झाले, काकीही गेल्या, तपासणी मात्र थांबली नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बांगड्या, डब्यांची झाकणं, इडल्या, सगळंच आऊट, म्हणजे मापाबाहेर, निघालं.

मी रायफल नेमबाजी करते. दोन वर्षं राज्याच्या संघात येता येता राहिले होते. आमच्या क्लबात परवाना असलेले नेमबाज काडतुसं स्वतः भरतात. पितळी पुंगळीत दारू घालायची, तोंडाशी गोळी बसवायची. एका शनिवारी काका बघायला आले. माझं काडतूस त्यांनी टेबलावर हलकेच घरंगळवलं. गोळीचं टोक किंचित डोललं.

"वाकडी बसलीय गो. सरळ जाईल कशी?"

कोच भिडेसर हसले. "काका, केसाएवढा फरक आहे."

"केस म्हणजे आमच्याकडे रिजेक्ट."

पुढच्या शनिवारी काका डायल गेज घेऊनच आले. माझं एकेक काडतूस फिरवून काटा किती हलतो ते पाहिलं, आणि सरळ दहा, आऊट दहा असे दोन ढीग केले. कुठला ढीग कुठला, हे सरांनी मला सांगितलं नाही. ते देत गेले, मी मारत गेले.

पहिल्या कागदावरची भोकं झाकायला वाटी लागली. दुसऱ्यावरची बाटलीच्या बुचाखाली मावली.

"योगायोग," सर म्हणाले. "परत."

काकांनी पुन्हा वीस निवडली. सरांनी या वेळी क्रम उलटा केला, सरळ दहा आधी दिली. बूच आधी आलं, वाटी नंतर.

सरांनी चारही कागद उजेडाकडे धरून पाहिले आणि हात जोडले. "काका, हरलो. आता सगळ्यांची काडतुसं तुम्हीच तपासायची. शनिवार-रविवार."

अख्ख्या क्लबाने टाळ्या वाजवल्या. माझी तर छाती फुगली होती. काका चष्मा पुसत राहिले. मग हळूच विचारलं, "किती वाजता रिपोर्ट करू?"

रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी नागपूरच्या मुलीला फोन लावला. "रविवारी मी घरी नसेन. ड्युटी आहे." पलीकडे ती काय बोलली, मला ऐकू आलं नाही. काका बाहेर बघत म्हणाले, "अगो, रडतंस कित्याक? बापूस कामाक लागलो."