ऊब प्रमाणित करण्याची कार्यपद्धती

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक खोके आले. त्यात फ्रान्सच्या एका संस्थेने भेट दिलेला बेबी वॉर्मर होता, म्हणजे कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारे यंत्र. सोबत नऊ पानांची माहितीपुस्तिका होती आणि ती फ्रेंचमध्ये होती. येथपर्यंत कोणाचीही चूक नव्हती.

नियम असा, की परकीय भाषेतील पुस्तिकेचे आधी इंग्रजीत प्रमाणित भाषांतर व्हावे, मग इंग्रजीवरून मराठीत, आणि तोवर उपकरणाचे सील तोडू नये. फ्रेंचमधून थेट मराठीत येण्याची तरतूद नाही. तसे केल्यास मधल्या इंग्रजीवर अविश्वास दाखवल्यासारखे होते. यासाठी 'अर्थच्छटा निश्चिती समिती' नेमण्यात आली. अध्यक्ष पडवळसाहेब आणि भाषातज्ज्ञ सदस्य मी, शहापुरात तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. मला फ्रेंच येत नाही. हे माझ्या बाजूने धरले गेले, कारण मूळ भाषा येणाऱ्याचे मत आधीच बनलेले असते.

भाषांतर किन्हवलीच्या दर्शनाने केले. ही मुलगी ठाण्याच्या एका कंपनीत फ्रेंच गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. तिने नऊ पाने एका रविवारात करून दिली. हा वेग समितीला संशयास्पद वाटला.

पहिली बैठक आरोग्य केंद्रातच झाली. खोके टेबलाच्या उंचीचे असल्याने चहा त्यावर ठेवण्याची सोय झाली. तिसऱ्या पानावर बाळाच्या गादीसंबंधी 'तिएद' असा शब्द होता आणि दर्शनाने त्याला 'वॉर्म' म्हटले होते.

"सर, तिएद म्हणजे फार गरम नाय आणि गार पण नाय," ती म्हणाली. "पाणी असेल तर ल्यूकवॉर्म लिहितात, हवा असेल तर माइल्ड. इथं बाळाची गादी आहे, म्हणून वॉर्म."

"एका शब्दाला तीन शब्द?" पडवळसाहेबांनी विचारले.

"जागा बघून, सर."

"जागा मुरबाड तालुका आहे. ती बदलणार नाही. एकच शब्द म्हणा."

"मग वॉर्म म्हणू या."

"शासन म्हणत नसतं, नमूद करतं."

येथे मी हस्तक्षेप केला. 'ल्यूकवॉर्म'मध्ये उत्साहाचा अभाव सूचित होतो, 'टेपिड'मध्ये किंचित तिरस्कार आहे, आणि 'वॉर्म'मध्ये वाजवीपेक्षा जास्त जवळीक आहे, असे मी सोदाहरण सांगितले. साठ मिनिटे बोललो. तीस वर्षांत वर्गाने माझे इतके ऐकले नव्हते. मला फार बरे वाटले.

केंद्राच्या परिचारिका संजीवनी सिस्टर दारात उभ्या होत्या. "साहेब, कल्याणला मी हेच मशीन चालवलंय," त्या म्हणाल्या. "साडेछत्तीसचा आकडा लावायचा, बस. पानं वाचायला लागत नाय. ती बाकावर बसलीय ना, भिमी, तिला आठवा चालू हाय. बाळाचं वजन भरत नाय. कधीपण होईल."

आम्ही बाकाकडे पाहिले. वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यावरची एक किरकोळ बाई पदराने वारा घेत बसली होती. पडवळसाहेबांनी तिच्या प्रकृतीविषयी आस्था व्यक्त केली आणि साडेछत्तीस हा आकडा फ्रेंचमध्येही साडेछत्तीसच असतो का, हे दर्शनाकडून लेखी मागवले. तिने तसे लिहून दिले. ते मराठीत असल्याने इंग्रजी भाषांतरासाठी तिलाच परत करण्यात आले.

दुसऱ्या बैठकीत प्रत्यक्ष प्रयोग झाला. चार पातेल्यांत वेगवेगळे तापवलेले पाणी ठेवून सदस्यांनी क्रमाने बोट बुडवायचे आणि योग्य शब्द उच्चारायचा, असे ठरले. तिसऱ्या पातेल्यावर एकमत झाले. मात्र ठरावाचा मसुदा होईपर्यंत पाणी निवाले, आणि सही करण्यापूर्वी खातरजमा म्हणून पुन्हा बोट बुडवले तेव्हा ठराव खोटा ठरला. पुढील बैठकीस पाणी गरम ठेवण्यासाठी शेगडीची मागणी नोंदवण्यात आली.

तिसऱ्या बैठकीस मराठी छटेसाठी स्थानिक तज्ज्ञ म्हणून अंबूबाईला बोलावले. पाड्यावरची निम्मी माणसे हिच्या हातावर जन्मली आहेत.

"बाळाला ऊब किती द्यावी?" पडवळसाहेबांनी विचारले.

"त्याला सोसंल इतकी."

"ते कसं ओळखायचं?"

"कोपर लावायचं."

"कोणाचं कोपर?"

"जो जवळ बसला आसंल त्याचं," अंबूबाई म्हणाली. "तुमी येवढं शिकलेलं, तुमाला हात लावून कळत नाय?"

प्रमाणित कोपर उपलब्ध नसल्याने ही साक्ष नोंदीपुरती ठेवण्यात आली.

चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवशी भिमी बाळंत झाली. मुलगी होती, वजन दीड किलो. हातपाय गार पडत होते. संजीवनी सिस्टरने सील तोडायची परवानगी फोनवर मागितली. पडवळसाहेबांनी नियम वाचून दाखवला आणि सील तोडल्यास होणारी कारवाईही सांगितली. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन उल्हासनगरला गेली होती. मी त्यावेळी साहेबांच्या शेजारीच बसलो होतो. तोडा म्हणावे असे माझ्या मनात आले होते, पण माझ्या पदाचा विषय अर्थच्छटा एवढाच होता, म्हणून मी गप्प राहिलो.

सिस्टरने पोरीला भिमीच्या उघड्या छातीवर ठेवले आणि वरून दोन गोधड्या बांधल्या. भिमी दमली की तिची सासू, सासू दमली की अंबूबाई. बारा दिवस त्या तिघींनी पोरीला जमिनीला टेकू दिले नाही. खोके बाजूलाच होते. गोधड्या वाळवायला त्याचा उपयोग झाला.

पोरगी जगली. तेराव्या दिवशी तिने असा टाहो फोडला, की पाचव्या बैठकीतल्या चर्चेत व्यत्यय आला.

त्याच बैठकीत समितीने अंतिम अहवाल मंजूर केला. 'सदर बालक उपकरणाशिवाय जगल्याने उपकरणाची निकड सिद्ध होत नाही. सबब ते सीलबंद स्थितीत जिल्हा भांडारात जमा करावे. अर्थच्छटेचा प्रश्न यामुळे उरत नाही.' हे शेवटचे वाक्य माझे होते. टेम्पो आला, खोके गेले. संजीवनी सिस्टर टेम्पोमागे फाटकापर्यंत गेल्या. भिमीच्याच पाड्यावरची गिरजा त्या दिवशी पहिल्यांदा तपासायला आली होती. सातवा महिना, पोटात जुळी.

भिमीची पोरगी जगली, हे वाचून तुम्हाला हायसे वाटले असेल. आम्हालाही अगदी तसेच वाटले होते. म्हणून तर आम्ही फाइल बंद केली.