थोपटलं की सोडायचं

"आ करा. अजून मोठा. जीभ मागे घ्या."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या जबड्यात माप घ्यायचा लगदा दाबला, तो जरुरीपेक्षा जरा जास्तच जोरात. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटून सुट्टीच्या दिवशीही दवाखाना उघडावा लागला, तर कुणाचंही डोकं फिरेल. पण विमा कचेरीत टेबलाशी बसून आयुष्य काढलेल्या त्यांच्या नवऱ्याला दोन महिन्यांपूर्वी, पन्नाशीच्या तोंडावर, मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकायची हुक्की आली होती, आणि आता त्याला माउथगार्ड हवं होतं.

"ठोसे असतात, लाथा असतात, कुस्तीही असते," तोंड मोकळं होताच तो म्हणाला. "खाली पडलं तरी लढत चालूच."

"म्हणजे भांडण."

"भांडण कसं? नियम आहेत! डोळ्यात बोट घालायचं नाही, केस ओढायचे नाहीत, चावायचं नाही."

"चावायचं नाही, तर दातांचे एवढे लाड कशाला?"

"अगं, ठोसा समोरचा मारतो. दात माझे पडतात!"

हे खरं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंना आणखी राग आला.

माउथगार्ड तयार झालं त्या संध्याकाळी नवऱ्यानं दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावलं आणि सतरंजी अंथरली. त्याला जोडीदार हवा होता. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. उरल्या डॉक्टरीणबाई.

"फक्त हात धरायचाय," तो आर्जवानं म्हणाला. "मी उताणा पडतो. तू बाजूला बस, पाय माझ्या छातीवरून टाक, हात गुडघ्यांच्या मध्ये धर आणि मागे रेल. मी सोडवून घेतो. सैल सोडू नकोस हं! सर म्हणतात, खोटा सराव म्हणजे वेळेची नासाडी."

"दुखलं तर?"

"मी मोकळ्या हातानं थोपटीन. थोपटलं की सोडायचं. हा सगळ्यात पहिला धडा. त्यात लाज नसते."

त्यानं माउथगार्ड चढवलं. डॉक्टरीणबाईंनी पदर खोचला, सांगितल्याबरहुकूम हात धरला आणि मागे रेलल्या. आता हट्टी अक्कलदाढेशी झुंजून झुंजून या बाईंची पकड पान्यासारखी झालेली होती, ही गोष्ट नवऱ्यानं हिशेबात घेतलीच नव्हती. तो कळवळून उलटा वळायला गेला, सतरंजी सरकली आणि त्याचा मोकळा हात सोफ्याखाली जाऊन अडकला. थोपटणार कशानं?

"ऊंऽऽ! ओऽऽ!"

"काय म्हणताय? सोडू नको?"

"ओऽऽड!"

"ओढतेच आहे की!" त्यांनी आणखी ओढलं.

बिचाऱ्यानं शेवटचा उपाय म्हणून टाचा आपटायला सुरुवात केली. पायानं थोपटलेलंही चालतं, पण हा धडा बायकोला सांगायचा राहून गेला होता. तो सुटायची धडपड करतोय असं वाटून डॉक्टरीणबाईंनी दात-ओठ खाल्ले. दोन महिने घामट कपडे धुतल्याचा सगळा वैताग त्या ओढीत उतरला.

खालच्या मजल्यावर गाण्याच्या बाईंची शिकवणी चालू होती. डोक्यावर धडाधड आदळणारा तो बेताल ठेका त्यांना असह्य झाला आणि त्या तरातरा वर आल्या. बेल वाजली. दार उघडायला डॉक्टरीणबाईंनी हात सोडला, उठायला गेल्या, आणि त्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की दोन्ही पाय नवऱ्याच्या छातीवर तसेच लाकडासारखे राहिले.

शेवटी आतून सासूबाई आल्या. सतरंजीवर मुलगा, मुलावर सून. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि वळसा घालून दार उघडलं.

"या, बसा," त्या गाण्याच्या बाईंना म्हणाल्या. "ही दोघं जरा कामात आहेत."

"अहो, पण त्या त्यांना मारताहेत!"

"कळतंय मला. काही कारण असेल."

"आई!" नवऱ्यानं एकदाचं माउथगार्ड थुंकलं. त्याच्याबरोबर समोरच्या दाताची कॅपही आली. मागच्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी ती स्वतःच्या हातानं बसवली होती. नवऱ्याचं कोपर सुजलं, त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, पण आपली कॅप गाण्याच्या बाईंदेखत सतरंजीवर घरंगळावी! लंगडत लंगडत त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलं.

"त्या सरांना फोन करा," त्या कडाडल्या. "सांगा त्यांना, हा खेळ आजपासून बंद. नाहीतर द्या, मीच सांगते."

त्यांनी सांगितलं. चांगली पाच मिनिटं, सविस्तर.

"चुकलंच आमचं, वहिनी," सर म्हणाले. "त्यांना महिनाभर आराम द्या. पण एक विचारू? आमच्या इथली दांडगी पोरंसुद्धा हाताच्या या कुलपात त्यांना अडकवू शकली नव्हती. ते निसटतात. तुम्ही कुठे शिकलात?"

"मी? कुठेच नाही. मी दात काढते."

पलीकडे सर कागद चाळत असल्याचा आवाज आला.

"राग मानू नका, वहिनी. आमच्यात वजनावरून गट पडतात, म्हणून विचारतो. तुमचं वजन किती?"

खुर्चीत आ वासून बसलेला नवरा भीतीनं डोळे मिटून वाट पाहू लागला. बाईमाणसाला वजन विचारणाऱ्या सरांची आता धडगत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि आवाज बारीक केला.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "पण जेवणाआधी धरलं तर साठच."