बिनदातांची पोरगी

"आज म्हाताऱ्याला निवृत्त करायचंच!" लेकीनं स्टुडिओत पाऊल टाकताच जाहीर केलं.

म्हातारा म्हणजे बाबा नव्हेत. बाबांचा अठरा वर्षांचा डिजिटल कॅमेरा. त्याच्या रबरी मुठीला इतक्यांदा गोंद लावला होता की तो बाबांचा हात सोडायला तयार नसे! पैज लागली: लेकीचा नवा कॅमेरा की म्हातारा, हरेल तो उद्या विकायचा.

"बाबा, माझा नवा सेन्सर काळोखातही फोटो काढतो!"

"आणि हे एवढे दिवे मी काय शोभेला लावलेत?"

गिऱ्हाईक होते दातांचे डॉक्टर. दवाखान्याच्या पाटीसाठी फोटो हवा होता. नवा कॅमेरा माणसाचे डोळे आपोआप हुडकायचा. त्याचा फोकसचा चौकोन डॉक्टरांच्या चष्म्यावर आला, काचेच्या चकाकीला बिचकला आणि थेट मागच्या भिंतीवर जाऊन बसला! तिथे लेकीचाच फोटो होता: सात वर्षांची, पुढचे दात पडलेली, खदखदून हसणारी.

लेकीनं डॉक्टरांना चष्मा काढायला लावला. त्यांना काही दिसेना. ते दिव्याकडे बघून हसू लागले! स्टूल सरकवलं, ते वायरीत अडकलं, दिवा कलला, आणि डॉक्टर त्याला मिठी मारून उभे राहिले. चौकोन मात्र माहेरी आलेल्या मुलीसारखा भिंतीवरून हलायला तयार नाही!

फोटोत डॉक्टर धूसर, मागे बिनदातांची पोरगी ठळक.

"ही पाटी लावली तर पेशंट पळतील हो!" डॉक्टर कळवळले.

"बाबा, तो फोटो उतरवा आधी! कितीदा सांगितलं!"

"याच म्हाताऱ्यानं काढलाय तो. तुझ्या नव्यालासुद्धा जिवंत वाटतो, बघ!"

बाबांनी चष्मा परत डॉक्टरांच्या नाकावर चढवला, दिवा जरा उंच केला आणि कुठे बघायचं ते म्हाताऱ्याला स्वतः नेमून दिलं. एकच क्लिक! पापण्यांचे केस मोजून घ्यावेत!

"आता तरी म्हण, बाबा फोटो छान काढतात."

"उद्या म्हणेन," लेक फुरंगटून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

महिन्याभरानं डॉक्टर पुन्हा आले. दुसरा दवाखाना, दुसरी पाटी! लेकीनं ऐटीत नवा कॅमेरा उचलला. चौकोन चष्म्यावर आला, बिचकला, भिंतीवर पळाला. तिनं नवा कॅमेरा खाली ठेवला. मग तिनं दिवा जरा उंच केला आणि कपाटातून जुना कॅमेरा काढला. मूठ हाताला चिकटली. एकच क्लिक.

"म्हातारा अजून भारी आहे," ती पुटपुटली.

"अहो, आत्ता कुठे पन्नाशी गाठली मी!" डॉक्टर दुखावले.

"तुम्हाला नाही हो, डॉक्टर." ती भिंतीकडे वळली. "बाबा, फोटो छान काढलात माझा."